इस्पितळाचा उंबरठा

१

आजाऱ्याला ठेवून घेऊन जिथे उपचार केले जातात त्या जागेसाठी मराठीत चार शब्द रूढ आहेत, आणि ते चारही वेगवेगळ्या राजवटींच्या वाटेने आपल्याकडे आले आहेत. ‘दवाखाना’ हा फारसी वळणाचा, ‘हॉस्पिटल’ हा इंग्रजी अमदानीतला, ‘रुग्णालय’ हा स्वातंत्र्योत्तर शासनव्यवहाराने गावोगाव पोचवलेला संस्कृतनिष्ठ शब्द, तर ‘इस्पितळ’ हा पोर्तुगीजांकडून आलेला. चावी, पगार, पाव, पाद्री, तुरुंग या शब्दांच्या पंगतीतच इस्पितळही बसते. मराठी भाषकांनी हा शब्द घेतला त्या काळी गोवा, चौल, वसई या पट्ट्यात इस्पितळ म्हणजे कॅथलिक संस्थाच होती. ती राजाच्या पैशावर चालणारी होती आणि तिची व्यवस्था धर्मसंघांच्या किंवा ‘मिझेरिकॉर्दिया’ या दयाधर्मी बंधुसंघाच्या हाती असे.

दुसरा शब्द याहून घरगुती आहे: ‘सिस्टर’. कोणत्याही सरकारी वा खाजगी दवाखान्यात परिचारिकेला हाक मारायची ती ‘सिस्टर’ अशीच. तिचा धर्म कोणता, जात कोणती, याच्याशी या हाकेचा संबंध नसतो. पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणतात. हे नातेवाचक शब्द इंग्रजी इस्पितळांच्या व्यवहारातून आपल्याकडे आले खरे. पण इंग्रजीत ते मठांतून आले. आजाऱ्याची शुश्रूषा हे व्रतस्थ भगिनींचे काम होते, म्हणून शुश्रूषा करणारी ती ‘सिस्टर’. मराठीने हा शब्द घेताना त्याचा धर्म मागे ठेवला आणि नाते तेवढे घेतले.

कॅथलिक इस्पितळाचा आपल्या प्रदेशातील इतिहास बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो: एक तर निःस्वार्थ सेवेचा इतिहास म्हणून, नाही तर धर्मांतराच्या साधनाचा इतिहास म्हणून. हे दोन पक्ष एकमेकांचे कितीही विरोधी असले तरी त्यांच्या वाक्यरचनेत एक साम्य आहे. दोन्हींत कर्ता मिशनरी आहे आणि रुग्ण हे कर्म आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की ही वाक्यरचना उलटी करून पाहिली पाहिजे. या संस्थेच्या उंबरठ्यावर कोणाला प्रवेश, कोणाच्या हातून उपचार आणि कोणता उपचार, हे तीन प्रश्न चार-पाच शतके उभे राहिले. त्यांतल्या सर्वांत मोठ्या प्रश्नाचे उत्तर रोममध्ये बदलले, पण ते बदलायला भाग पाडले ते इथल्या रुग्ण स्त्रीने.

हा इतिहास किनाऱ्यावरून सांगण्याची रीत आहे. पण तो मांजरसुंब्यासारख्या ठिकाणाहून पाहिला तर वेगळा दिसतो. बीडच्या दक्षिणेस बालाघाटाच्या माथ्यावर हे गाव आहे. धुळे-सोलापूर महामार्ग इथून जातो, आणि पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. जवळच कपिलधार येथे ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी आहे. अशा तिठ्या-चौफुल्यांच्या गावी मोठे इस्पितळ नसते, पण इस्पितळाची गरज मात्र सर्वांत जास्त असते. खाजगी कॅथलिक इस्पितळ अशा परिसरात काय म्हणून उभे राहते, हे समजून घ्यायचे तर आधी किनाऱ्यावर जाऊन यावे लागेल.

२

आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकले. त्यानंतर लवकरच तिथे राजाच्या खर्चाने इस्पितळ उभे राहिले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या राजइस्पितळाचा कारभार येशूसंघाच्या पाद्र्यांकडे आला, आणि त्याची कीर्ती युरोपभर पसरली. पिरार द लावाल हा फ्रेंच दर्यावर्दी १६०८ मध्ये आजारी अवस्थेत तिथे पोचला. त्याने लिहून ठेवलेले वर्णन प्रसिद्ध आहे: स्वच्छ बिछाने, नेमाने येणारे वैद्य, चांदीच्या भांड्यांतून वाढले जाणारे जेवण. इतके सुंदर इस्पितळ जगात नसेल असा त्याचा अभिप्राय होता.

हे वैभव कोणासाठी होते? राजइस्पितळ हे प्रामुख्याने पोर्तुगीज सैनिकांसाठी आणि युरोपातून आलेल्या गोऱ्या पुरुषांसाठी होते. स्थानिक माणूस, मग तो बाप्तिस्मा घेतलेला का असेना, त्या बिछान्यांचा अधिकारी नव्हता. १५४० च्या दशकात मिसेर पाउलो या येशूसंघाच्या इटालियन पाद्र्याने सेंट पॉल महाविद्यालयाच्या आश्रयाने स्थानिकांसाठी निराळे इस्पितळ चालवले. म्हणजे धर्म एक, संघ एक, पण इस्पितळे दोन. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी नव्या ख्रिस्ती समाजासाठी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले, हे आपण वाङ्मयेतिहासात शिकवतो. त्याच संघाने त्याच काळात रुग्णाच्या वर्णानुसार विभागलेली आरोग्यव्यवस्था सांभाळली, हे मात्र त्या धड्यात येत नाही. प्रार्थनेच्या भाषेत जी समता आली ती बिछान्यापर्यंत पोचायला फार काळ लागला.

आणि चांदीच्या ताटांनी रोग बरे होत नव्हते. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत या एका इस्पितळात सुमारे २५,००० पोर्तुगीज सैनिक मरण पावले, असा आकडा इतिहासकार देतात. हिवताप, अतिसार, पटकी, उपदंश यांच्यापुढे युरोपीय वैद्यकाची रक्तमोक्षणाची पद्धत निष्प्रभ होती. जो तो देशी वैद्याकडे धावत होता. १५३४ मध्ये गोव्यात आलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने आपल्या ‘कोलोकियुश’ या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात इथल्या वनौषधींची आणि इथल्या वैद्यांच्या रीतींची नोंद केली. दुसऱ्या बाजूने १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत असा निर्बंध घातला. तो पाळला मात्र गेला नाही. खुद्द व्हाइसरॉय आणि मठवासी हिंदू वैद्यांना बोलावीत राहिले. ओर्ता हा धर्मांतरित ज्यू घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायपीठाने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या गावात जगातले सुंदर इस्पितळ होते त्याच गावात हेही घडले.

पहिल्या उंबरठ्याची ही कथा आहे. इस्पितळ हा शब्द मराठीत आला तेव्हा मराठी माणूस बहुधा त्याच्या बाहेर उभा होता.

३

दुसरा उंबरठा अधिक विचित्र होता, कारण तो रुग्णासाठी नव्हता. उपचार करणाऱ्या हातांसाठी होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना कापणे आणि डागणे ज्यात येते अशी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली होती. १९१७ च्या धर्मसंहितेने रोमच्या खास परवानगीवाचून धर्मगुरूंना वैद्यकी आणि शस्त्रक्रिया निषिद्ध ठरवली. व्रतस्थ भगिनींच्या बाबतीत निर्बंध आणखी कडक होता. विसाव्या शतकाच्या आरंभी रोमने घालून दिलेल्या नियमांनुसार बाळंतपण आणि बाळंतिणीची शुश्रूषा ही कामे ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या स्त्रीला अयोग्य मानली जात. तिने कुष्ठरोग्याच्या जखमा धुवाव्यात, पटकीच्या रोग्याजवळ रात्र काढावी. पण अडलेल्या बाईच्या खाटेशी तिने जाऊ नये. आपल्याकडच्या सोवळ्याच्या कल्पना ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या नियमाचा तर्क परका वाटणार नाही. ‘सुवेर’ या शब्दामागे जी भीती आहे तिचाच हा लॅटिन अवतार म्हणावा लागेल.

इकडे महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमका हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. पुरुष डॉक्टरपुढे न येणारी स्त्री बाळंतपणात मरते, म्हणून स्त्री डॉक्टर हवी, हे पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे सांगितले. १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस वैद्यकी शिकायला जाण्याचे कारण हेच दिले, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला. १८८६ मध्ये मुंबईत कामा इस्पितळ सुरू झाले आणि एडिथ पेची या इंग्रज स्त्री डॉक्टरने तिथे काम केले. प्रॉटेस्टंट मिशन या प्रवाहात लगेच उतरली. नगरला अमेरिकन मराठी मिशन, निजामी मुलखातील जालन्याला स्कॉटिश मिशन, आणि मिरजेला १८९४ पासून डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे इस्पितळ ही त्याची ठळक उदाहरणे. या मिशनांत डॉक्टर विवाहित असू शकत होता, त्याची पत्नी परिचारिका असू शकत होती, आणि अविवाहित स्त्री डॉक्टर बाळंतपण करू शकत होती.

याच काळात कॅथलिक मिशनकडे शाळा होत्या, अनाथालये होती, औषधे वाटणाऱ्या छोट्या ‘डिस्पेन्सऱ्या’ होत्या. पण ज्याला आज आपण इस्पितळ म्हणू तसे फारसे काही ग्रामीण महाराष्ट्रात नव्हते. याचे कारण इच्छेचा अभाव असे सांगता येणार नाही. आपल्या सर्वांत कुशल हातांना सर्वांत निकडीच्या कामापासून त्यांनी स्वतःच रोखले होते.

हा निर्बंध मोडला तो हिंदुस्थानच्या वायव्य टोकाला. एडिंबरोच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन (जन्म १८३७) या ब्रिटनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या चळवळीतल्या. ब्रिटनमध्ये पदवी मिळणे अशक्य असल्याने त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथून १८७८ मध्ये पदवी घेतली. साठी ओलांडल्यावर त्या कॅथलिक झाल्या आणि रावळपिंडीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट कॅथरिन इस्पितळ उभे राहावे म्हणून त्यांनी खटपट केली. ते उभे राहिले, पण पडद्यातल्या मुसलमान स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर मिळेना, आणि मिळाली तर टिकेना. व्रतस्थ भगिनींना डॉक्टर होऊ द्या, अशी विनवणी घेऊन ही वृद्ध स्त्री पुन्हापुन्हा रोमला जात राहिली. १९१३ मध्ये त्या वारल्या तेव्हा नियम जसाच्या तसा होता.

त्यांच्याशी पत्रव्यवहार करणारी पण प्रत्यक्ष भेट कधीच न झालेली ऑस्ट्रियन तरुणी अ‍ॅना डेंगेल आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यकी शिकून १९२० मध्ये रावळपिंडीस आली. चार वर्षे तिने एकटीने जे पाहिले त्यातून तिचा निष्कर्ष असा झाला की एकेकट्या उत्साही डॉक्टरांनी हे काम होणार नाही. त्यासाठी डॉक्टर, परिचारिका, सुईणी यांचा कायमचा संघ हवा, आणि असा संघ तर धर्मनियमांत बसत नव्हता. तिने त्यातून पळवाट काढली. १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे चार स्त्रियांनी ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ या नावाने पुढे ओळखली गेलेली संस्था सुरू केली. त्या एकत्र राहत, व्रतस्थ आयुष्य जगत. पण सार्वजनिक व्रते घेत नसत. कारण व्रत घेतले असते तर बाळंतपण करता आले नसते. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने काढलेल्या सूचनापत्राने मिशन प्रदेशांत माता व बालकांच्या आरोग्यासाठी व्रतस्थ भगिनींनी डॉक्टर आणि परिचारिका म्हणून शिक्षण घ्यावे, असे स्वतःहून सांगितले.

याला एक अपवाद आधीच घडला होता. मेलबर्नच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० मध्ये हिंदुस्थानात आल्या, गुंटूरच्या भगिनीसंघात दाखल झाल्या आणि पोपच्या विशेष परवानगीने डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. १९४३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. आज तिच्या सभासद संस्था साडेतीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा खेड्यांतील लहान आरोग्यकेंद्रे आहेत.

या घटनाक्रमाकडे मराठी वाचकाने थोडे थांबून पाहावे. सातशे वर्षांची परंपरा सांगणारी एक विश्वव्यापी संस्था आपला नियम बदलते, आणि त्याचे तात्कालिक कारण असते पुरुष डॉक्टरला नाडी न दाखवणारी, पडद्यातली, निरक्षर, बहुधा मुसलमान किंवा हिंदू स्त्री. तिने निवेदन दिले नव्हते. तिने फक्त नकार दिला होता, आणि त्या नकाराची किंमत अनेकदा प्राणांनी चुकवली होती. इतिहासलेखनात हा नकार ‘मागासलेपणा’ या सदरात जमा होतो. रमाबाई आणि आनंदीबाई यांनी तो ‘गरज’ या सदरात मांडला, आणि मॅक्लारेन-डेंगेल यांनी त्याला कायद्याच्या भाषेत आणले.

४

१९३६ नंतर चित्र झपाट्याने पालटले. पुढच्या काही दशकांत मुंबईत वांद्र्याचे होली फॅमिली, अंधेरीचे होली स्पिरिट अशी भगिनीसंघांनी चालवलेली मोठी इस्पितळे नावारूपाला आली. १९४८ मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत उतरण्याआधी मदर तेरेसा पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सकडे शुश्रूषेचे प्राथमिक धडे घेऊन आल्या, हेही या बदलाचेच फलित. पण शहरी इस्पितळांपेक्षा आपल्या विषयाला महत्त्वाचे आहे ते आतल्या महाराष्ट्रात घडलेले स्थित्यंतर.

विदर्भ-मराठवाड्यातील कॅथलिक मिशन हे मूळचे फ्रेंच पाद्र्यांचे. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) परिसरात घोगरगावसारखी मिशनकेंद्रे निघाली. १९५५ मध्ये अमरावती, आणि १९७७ मध्ये औरंगाबाद हे वेगळे धर्मप्रांत झाले. बीड जिल्हा या शेवटच्यात येतो. या तारखांकडे पाहिले म्हणजे कळते की मराठवाड्यात कॅथलिक संस्था मुळात विरळ, आणि इस्पितळ ही त्यांतली आणखी उशिराची गोष्ट. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात सरकारी आरोग्यसेवाही तुटपुंजीच होती. म्हणजे मिशनचा दवाखाना इथे आला तो दुसऱ्या एखाद्या व्यवस्थेला पर्याय म्हणून नव्हे. तिथे पोकळी होती.

ही पोकळी भरायला आलेले हात आता फ्रेंच नव्हते. १९६० नंतर केरळातून मोठ्या संख्येने तरुण भगिनी मध्य भारतात आल्या. १९६२ मध्ये चांदा (चंद्रपूर) येथे केरळच्या सिरो-मलबार चर्चचे केरळबाहेरचे पहिले मिशनक्षेत्र निर्माण झाले. चंद्रपूरचे ख्राइस्ट इस्पितळ आणि ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद इस्पितळ ही या परंपरेतली ठळक नावे. मराठी खेड्यातील कॅथलिक सिस्टर म्हणजे बहुधा मल्याळी स्त्री, ही ओळख तेव्हापासूनची. तिचे मराठी हे दवाखान्यात शिकलेले मराठी असते. ‘कुठं दुखतंय’, ‘किती दिवस झाले’, ‘पाणी उकळून प्या’, ‘घाबरू नको बाई’ या वाक्यांपासून तिची भाषा सुरू होते. प्रमाण मराठीचे लिंगवचन तिला दाद देत नाही, पण बोलीतले दुखण्याचे शब्द, म्हणजे कळ, चमक, ठणका, हुरहूर, गरगरणे, तिला कोशकारापेक्षा नेमके ठाऊक असतात.

भाषेच्या या टोकाला एक उणीवही आहे. या संस्थांच्या नोंदी, अहवाल, वरिष्ठांना आणि मायदेशी धाडलेली पत्रे फ्रेंच, जर्मन, इंग्रजी वा मल्याळम भाषांत लिहिली गेली. रुग्णाच्या भाषेत लिहिला गेला तो फार तर केसपेपरवरचा त्याचा पत्ता. त्यामुळे देणाऱ्याची बाजू कागदावर आहे आणि घेणाऱ्याची कुठेच नाही. लेखाच्या आरंभी ज्या वाक्यरचनेचा उल्लेख केला तिचे मूळ या दस्तऐवजांच्या भाषेत आहे.

या इस्पितळांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे. शुश्रूषा हे काम आपल्या समाजात हलके समजले जाई. परक्याचे मलमूत्र, रक्त, प्रेत यांना स्पर्श करणे हे जातीने नेमून दिलेले काम होते, आणि सवर्ण घरातील स्त्रीने ते करणे अकल्पनीय होते. नगर आणि मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतला. त्यातील मुली परिचारिका झाल्या, प्रॉटेस्टंट संस्थांत आधी आणि कॅथलिक संस्थांत नंतर. ज्या स्पर्शासाठी त्यांच्या आज्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्याच स्पर्शाला प्रशिक्षण, पगार आणि पांढरा गणवेश मिळाला. तोच हात मग पाटलाच्या घरच्या बाळंतिणीलाही लागला. जात मोडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आजारपणापुरती ती अडचणीत आली, आणि ‘सिस्टर’ या हाकेने त्या अडचणीला एक सभ्य नाव दिले.

५

धर्मांतराच्या आक्षेपाला बगल देऊन या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गांधीजींनी मिशनच्या वैद्यकीय कार्याचे कौतुक केले, पण उपचाराच्या आडून धर्मप्रसार होत असेल तर तो त्यांना मान्य नव्हता, हे त्यांनी १९३० च्या दशकात वारंवार लिहिले. १९५४ मध्ये मध्य प्रदेश शासनाने नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा विदर्भ त्या राज्यात होता, त्यामुळे तिच्या कक्षेत मराठी जिल्हेही आले. १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने थांबवावा अशी शिफारस होती. ख्रिस्ती संस्थांनी त्या अहवालाच्या पद्धतीवर आणि निष्कर्षांवर कठोर आक्षेप घेतले.

या वादात दोन्ही बाजूंनी एक गृहीत समान आहे: रुग्ण भोळा आहे. त्याला औषध दिले की तो धर्म घेतो, किंवा त्याला औषध दिले की तो कृतज्ञ राहतो. रुग्णाचा प्रत्यक्ष व्यवहार वेगळा असतो. खेड्यातील माणूस एकाच आजारासाठी मिशनच्या दवाखान्यात केसपेपर काढतो, भगताकडून दोरा बांधून घेतो, दर्ग्यावर नवस बोलतो आणि कपिलधारच्या यात्रेलाही जातो. यांपैकी कोणतीही निष्ठा तो दुसरीच्या आड येऊ देत नाही. इस्पितळाच्या भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहून तो हात जोडतो, ते देव दिसला म्हणून. धर्म बदलला म्हणून नव्हे. गोव्याच्या धर्मपरिषदेने हिंदू वैद्याकडे जाऊ नका म्हटले असतानाही लोक गेले, तीच ही वृत्ती. उपचाराच्या बाबतीत सामान्य माणूस फतव्यांना फारशी किंमत देत नाही, मग ते कोणाचेही असोत.

६

आता पुन्हा बालाघाटावर यावे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडेपर्यंत तो कोयता थांबू शकत नाही. बाईची पाळी, गरोदरपण, बाळंतपण हे सगळे ‘खाडा’ या हिशेबात मोजले जाते. २०१९ मध्ये या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. राज्य शासनाने नेमलेल्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्याआधी, २०११ च्या जनगणनेत, सहा वर्षांखालील मुलांमुलींचे प्रमाण बीड जिल्ह्यात हजारास ८०७ इतके खाली गेले होते. ते राज्यात सर्वांत कमी होते. २००१ मध्ये हाच आकडा ८९४ होता. सोनोग्राफीचे यंत्र आणि शस्त्रक्रियेची खोली गावाजवळ आली आणि त्यांतून हे निपजले.

‘खाजगी इस्पितळ’ या शब्दाचा अर्थ अशा जिल्ह्यात निरागस राहत नाही, आणि इथेच तिसरा उंबरठा समोर येतो: कोणता उपचार. कॅथलिक इस्पितळ आपल्या धर्ममतानुसार गर्भपात करत नाही, नसबंदी करत नाही, कृत्रिम संततिनियमनाचा सल्ला देत नाही. १९६८ च्या पोपच्या परिपत्रकाने ही भूमिका पुन्हा पक्की केली. गर्भलिंगनिदान करून मुलगी पाडण्याच्या व्यवहारात अशा संस्थेला जागाच नाही. ८०७ चा आकडा ज्या जिल्ह्यात झाला तिथे या नकाराचे मोल मोठे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे.

पण त्याच नकाराची दुसरी बाजूही आहे. तीन-चार बाळंतपणांनी खंगलेल्या, उचलीच्या चक्रात अडकलेल्या स्त्रीने ‘आता पुरे’ म्हटले तर हे इस्पितळ तिला सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवते. १९७१ च्या कायद्याने तिला दिलेला अधिकार या उंबरठ्याच्या आत चालत नाही. धर्ममताने मुलीचा गर्भ वाचवला, आणि धर्ममतानेच आईचा निर्णय बाहेर ठेवला, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. ज्यांना यातले एकच खरे वाटते त्यांनी १९३६ ची गोष्ट आठवावी. तेव्हाही नियम धर्माचा होता, त्यामागे पावित्र्याची भाषा होती, आणि खाटेवरच्या स्त्रीच्या निकडीपुढे तो टिकला नाही.

याशिवाय पैशाचा प्रश्न आहेच. परदेशी देणग्यांवरचे निर्बंध २०१० च्या कायद्याने आणि २०२० च्या दुरुस्तीने कडक झाले. एका नोंदणीकृत संस्थेने आपली देणगी दुसरीला देण्याची वाट बंद झाली, आणि त्याचा भार खेड्यातल्या लहान केंद्रांवर पडतो. दुसरीकडे मान्यताप्राप्त डॉक्टर, अतिदक्षता विभाग, यंत्रे यांचा खर्च वाढता आहे. केरळातून व्रतासाठी पुढे येणाऱ्या मुलींची संख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही. अशा वेळी दोनच वाटा उरतात: शुल्क वाढवून शहरी इस्पितळासारखे होणे, किंवा क्षयरोग, एचआयव्ही, उपशामक सेवा, वृद्धांची देखभाल अशा, नफा नसलेल्या कामांकडे वळणे. पहिली वाट धरली तर गोव्याच्या राजइस्पितळाचा उंबरठा नव्या रूपात परत येईल. तेव्हा वर्ण पाहून आत घेत, आता पावती पाहून घेतील.

या संस्थांचे मूल्यमापन त्यांच्या स्थापनेच्या हेतूंवरून करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. हेतू कागदपत्रांत सापडतात. पण इस्पितळाचा इतिहास हा रोज सकाळी दारात लागणाऱ्या रांगेचा इतिहास असतो, आणि ती रांग अजून लिहिली गेलेली नाही. आपल्या महाविद्यालयांत मराठीच्या पदव्युत्तर वर्गांना लोकसाहित्याचे क्षेत्रकार्य असते. ओव्या आणि उखाणे गोळा करायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याच म्हाताऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारावा: पहिले बाळंतपण कुठे झाले, कोणी केले, आणि त्या सिस्टरला तुम्ही काय म्हणत होता? मल्याळी सिस्टरला शिकवलेले शब्द, तिने चुकवलेले शब्द, तिला दिलेली टोपणनावे, बाळाला तिचे नाव ठेवले की नाही, आणि तिने नाही म्हटले ते कशाला, हे सगळे मराठीत आहे, आणि ते सांगणाऱ्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत. अहवाल पुढेही ग्रंथालयांत मिळत राहतील, त्या स्त्रिया मात्र फार दिवस मिळणार नाहीत.